हँडली पेज ओ/१०० प्रोटोटाइपचं लाकडी किट, बेळगावच्या उद्यमबागेत बनलेलं: घ्यावं का?

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. घ्या. ३,८०० रुपये खिशातनं काढताना जड जातंय हे खरं, पण घ्या, आणि शक्यतो पाऊस संपल्यावरच बांधायला काढा, त्याचं कारण पुढं येईल.

किट आहे हँडली पेज ओ/१०० चं. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश बॉम्बर, दोन इंजिनं, एकावर एक दोन पंख, आणि त्या काळाच्या मानानं अवाढव्य. पण बॉक्स बघितल्या बघितल्या मला आवडलं ते वेगळंच. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतल्या या वर्कशॉपवाल्यांनी युद्धात गाजलेलं मशीन घेतलेलं नाही, त्यांनी घेतलंय १४५५ नंबरचं पहिलं प्रोटोटाइप, जे डिसेंबर १९१५ मध्ये लंडनजवळच्या हेंडनच्या मैदानावरनं पहिल्यांदा उडालं. बाहेरनं मागवायची मॉडेलं बघाल तर बहुतेक ओ/४०० ची असतात, म्हणजे याच घराण्यातलं नंतरचं, सुधारलेलं, शेकड्यांनी बनलेलं विमान, आणि सुधारलेल्या विमानात आधी काय फसलं होतं ते दिसतच नाही, सगळं पुसलेलं असतंय. या किटात ते दिसतंय. मला विचाराल तर पैसे वसूल होतात ते इथंच.

कुणाला माहीत नसेल म्हणून थोडक्यात. १९१४ च्या डिसेंबरात युद्ध नुकतंच पेटलेलं, ब्रिटिश नौदलाच्या हवाई विभागाचे प्रमुख मरे स्यूटर यांना असं विमान पाहिजे होतं की शत्रू जागच्या जागी लुळा पडावा. तोपर्यंतची विमानं म्हणजे एक इंजिन, दोन माणसं आणि हातानं टाकायचे छोटे बॉम्ब. फ्रेडरिक हँडली पेज आणि त्यांचे डिझायनर जॉर्ज व्होल्कर्ट यांनी वरचा पंखच १०० फूट लांब घेतला, नावातला १०० तिथनंच आलाय. खालचा पंख ७० फूट. भरल्या वजनाला सहा टनांच्या वर, आणि हे सगळं लाकूड, तारा आणि कापड यांच्यावर.

किटचा स्केल ४८ ला १ आहे. म्हणजे वरचा पंख साधारण साडेत्रेसष्ट सेंटिमीटर, लांबी चाळीसच्या आसपास. हे कागदावर वाचून कळत नाही, टेबलावर ठेवल्यावर कळतंय, घरात जेवायचं टेबल एकच असेल तर आधी घरच्यांशी बोलून घ्या. बॉक्समध्ये लेझरनं कापलेल्या प्लायच्या शीट, पाइनच्या पट्ट्या, पंखांवर चढवायचा टिश्यू कागद, पितळी बिजागऱ्या, रेझिनमध्ये ओतलेली इंजिनं, आणि लेथवर टर्न केलेले १६ पितळी बॉम्ब. हे बॉम्ब मात्र फर्स्ट क्लास. उद्यमबागेतल्या माणसानं पितळ टर्न करायचं म्हटल्यावर फिनिश तसा येणारच, त्यात काय वाद नाही. खऱ्या विमानात ११२ पौंडांचे म्हणजे सुमारे ५१ किलोचे १६ बॉम्ब धडाच्या पोटात उभे टांगलेले असायचे, प्रत्येकाला खाली वेगळं झाकण, बॉम्ब सुटला की त्याच्याच वजनानं झाकण उघडायचं आणि स्प्रिंगनं परत बंद व्हायचं. किटात झाकणं नुसती कोरलेली आहेत, उघडत नाहीत, पण जाळीची चौकट बरोबर दिली आहे, खालनं बघितलं की समजतंय.

पंख मिटतात. हे लई भारी केलंय. मूळ विमानाला इंजिनांच्या बाहेरच्या बाजूला बिजागऱ्या होत्या आणि बाहेरचा पंख मागं धडाला लागून मिटायचा, कारण १०० फुटाचं विमान मावेल असली शेड त्या काळात कुठनं आणणार. पहिलं प्रोटोटाइप कारखान्यातनं हेंडनला नेलं तेही असंच पंख मिटून, रस्त्यावरनं, रात्री ओढत, आणि वाटेत झाडांच्या फांद्या आड आल्या त्या तोडत तोडत. टिळकवाडीच्या तिसऱ्या गेटाजवळ एक मोठा ट्रेलर अडकला तर आपल्याकडं काय होतंय ते सगळ्यांना माहीत आहे, तिथं तर युद्ध चालू, ब्लॅकआऊटचे दिवस, आणि मागं ओढतोय एकोणीस मीटर लांबीचं लाकडी धूड. किट बांधताना बिजागरी पहिल्यांदा फिरली तेव्हा त्या रात्रीची कल्पना आली. बिजागऱ्या पितळी आहेत आणि पिन मापात आहे, ढिली हलत नाही. फक्त एक करा, बाहेरच्या पंखातल्या तारा आधी ओढून घ्या, पंख सुटे असतानाच, त्यानंतरच बिजागरीवर चढवा. पुस्तिकेत उलटा क्रम दिलाय, तसं केलं तर मिटताना दोरे ढिले पडतात आणि उघडताना एखादा तुटतोय.

दोऱ्यांचं आलंच आहे तर सांगतो. किटातला दोरा नायलॉनचा आहे, चकाकतोय आणि हवेत ढिला पडतोय. मी तो बाजूला ठेवला आणि वडगावच्या एका विणकर मित्राकडनं मागाचा बारीक पॉलिस्टर दोरा आणला, मेण लावलं, एकदम ताठ बसला. शहापूर, वडगाव, खासबागकडं ज्याची ओळख आहे त्यानं हेच करावं, रिळातलं उरलेलं टोकसुद्धा या कामाला पुरून उरतंय. दोन पंखांच्या मधले खांब आणि त्यांच्यात फुलीसारख्या ताणलेल्या तारा, ही बायप्लेनची खरी ताकद, पंख स्वतः लवचिक असतोय, तारांनी त्याचा पूल होतोय. एक दोरा जास्त ओढला की पलीकडचा पंख पिळतोय हे हातानं करून बघितल्याशिवाय पटत नाही.

आता इंजिनं, आणि इथं माझी तक्रार आहे. मी क्रँकशाफ्टच्या मशीनिंगमध्ये असतो, त्यामुळं माझी नजर आधी तिथंच जाणार. या विमानात रोल्स-रॉइसचं ईगल इंजिन होतं, कंपनीचं पहिलं विमान-इंजिन, व्ही आकारात १२ सिलिंडर, पाण्यानं थंड होणारं, वीस लिटरचं, २५० हॉर्सपॉवरचं म्हणून ओळखलं जाणारं. ईगल पहिल्यांदा उडालं ते याच विमानावर. आणि सुरुवातीच्या ईगलमध्ये डावीकडं फिरणारं आणि उजवीकडं फिरणारं अशी दोन्ही तऱ्हेची इंजिनं बनली, म्हणजे विमानाच्या दोन बाजूंचे प्रोपेलर एकमेकांच्या उलटे फिरावेत आणि एका अंगाला ओढ बसू नये. विचार करा, उलटं फिरणारं इंजिन म्हणजे कॅमशाफ्ट वेगळा, गिअरिंग वेगळं, स्पेअरचा स्टॉक दुप्पट. नंतर ओ/४०० मध्ये दोन्ही इंजिनं एकाच दिशेची केली, कारखान्याच्या बाजूनं बघितलं तर तेच शहाणपणाचं होतं. पण हे प्रोटोटाइप आहे ना, मग प्रोपेलर उलटसुलट पाहिजेत. किटात दोन्ही चार पात्यांचे प्रोपेलर एकाच हाताचे आलेत. एवढं सगळं बारकाईनं केलंय आणि इथं सुटलं, म्हणून जास्त लागलं. मी वर्कशॉपला जाऊन दाखवलं, तिथल्या पोरानं लगेच मान्य केलं, म्हणाला अण्णा, पुढच्या लॉटला मिरर करून देतो, आणि मला शिसवीचा एक उलटा प्रोपेलर तासून दिलासुद्धा, पैसे घेतले नाहीत.

इंजिनांची घरं म्हणजे नासेल मात्र बरोबर आहेत, लांब आणि मागं निमुळती होत गेलेली. ओ/१०० मध्ये पेट्रोलची टाकी या नासेलमध्येच असायची म्हणून ती अशी लांबलचक, ओ/४०० मध्ये टाक्या धडात गेल्या आणि नासेल आखूड झाली. दोन विमानं लांबनं ओळखायची असतील तर इथं बघायचं.

नाकाकडची काचेची केबिन हा प्रोटोटाइपचाच दागिना. पायलटला वारा लागू नये म्हणून बंद केबिन, भोवती चिलखत. आज आपल्याला बंद कॉकपिट साहजिक वाटतंय, त्या काळात पायलट उघड्यावर बसायचे. १९१५ मध्ये हा विचार करणाऱ्यांना सलाम, पण जमलं नाही, पुढच्या विमानांतनं केबिन काढली, चिलखतही बरंचसं गेलं, नाक लांब केलं आणि माणसं परत उघड्यावर आली. किटात केबिनसाठी पारदर्शक शीट आणि लेझर कट चौकटी आहेत, चौकट जेमतेम मिलिमीटरभर जाड, उचलताना मोडेल म्हणून शीटवरच चिकटवून मग कापा. इथं झटपट गोंद वापरू नका, काच धुरकट होतेय, फेविकॉल पातळ करून लावा.

आणि आता शेपूट. माझ्या दृष्टीनं या किटचा जीव शेपटात आहे.

ओ/१०० चं शेपूटसुद्धा दोन मजली, वर एक आडवा पंख, खाली एक, दोन्हींना मागं एलिव्हेटर, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या झडपा. या प्रोटोटाइपमध्ये डावीकडचे एलिव्हेटर आणि उजवीकडचे एलिव्हेटर एकमेकांना जोडलेले नव्हते, दोघांच्या तारा वेगळ्या. झालं काय, वेग वाढवला की शेपूट भयानक हलायला लागायचं, डावा एलिव्हेटर वर, उजवा खाली, लगेच उलट, आणि सगळं धड पिळवटून निघायचं. आधी कुणालाही इंजिनाचाच संशय येणार, बॅलन्स बिघडलाय म्हणून. तपासायला बोलावलं फ्रेडरिक लँचेस्टर यांना. हे नाव क्रँकशाफ्टवाल्यांना सांगायला नको, इंजिनातली थरथर मारायला बॅलन्स शाफ्ट टाकायची युक्ती त्यांचीच, आजही लँचेस्टर बॅलन्सर म्हणूनच ओळखतात. त्यांनी १९१६ मध्ये सांगितलं की दोष इंजिनाचा नाही, ही थरथर बाहेरनं कुणी देत नाही, धडाचा पीळ आणि एलिव्हेटरचं हलणं एकमेकांना साथ देतंय आणि ताकद वाऱ्यातनं घेतंय. यालाच आज फ्लटर म्हणतात, आणि विमानाच्या इतिहासात नीट नोंदवून अभ्यासलेलं पहिलं फ्लटर हेच. लेनर्ड बेअरस्टो आणि आर्थर फेज यांनी त्याच वर्षी त्याचं गणित मांडलं. आणि उपाय काय, तर डावा आणि उजवा एलिव्हेटर एका ताठ नळीनं जोडून टाका, म्हणजे एक वर एक खाली होणारच नाही. एवढंच. पुढं डी.एच. ९ विमानात पुन्हा हाच रोग निघाला, माणसं गेली, आणि औषधही हेच लागू पडलं.

किटवाल्यांनी काय केलंय बघा. एलिव्हेटर खरोखर हलतात, डावे-उजवे वेगळे, प्रत्येकाचे दोरे वेगळे, कॉकपिटपर्यंत नेलेले. आणि सोबत एक बारीक पितळी नळी दिलीय, पाहिजे तेव्हा घाला, पाहिजे तेव्हा काढा. नळी नसताना मी मॉडेल पेडेस्टल फॅनसमोर धरलं आणि दोरे थोडे ढिले ठेवले, दोन्ही बाजू आपापल्या मर्जीनं फडफडल्या, धडाला हातात पीळ जाणवला. नळी घातली, दोन्ही एकत्र हलायला लागले आणि पीळ गेला. हे खरं फ्लटर नव्हे, तेवढा वेग फॅनला कुठला, पण काय चाललंय ते हाताला कळतंय. माझा भाचा डिप्लोमाला आहे, तो शेजारीच बसलेला, म्हणाला, मामा, एवढ्याशा नळीनं काम झालं व्हय? झालं की. व्हीटीयूच्या, म्हणजे आपल्या इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या पोरांना व्हायब्रेशनचा पेपर असतोय, गणितं सोडवून सोडवून डोकं फिरतंय, त्यांच्या लॅबमध्ये हे एक मॉडेल टेबलावर ठेवलं तर अर्धा धडा तिथंच समजेल असं मला मनापासून वाटतंय. इतिहासात नेहमी उडालेली विमानं सांगतात, शेपूट का हललं ते कोण सांगत नाही, आणि इथं आपल्या गावातल्या एका वर्कशॉपनं तेच दाखवायचं ठरवलं, याचा मला अभिमान आहे, तो लपवणार नाही.

आता पावसाचं. बेळगावचा जुलै-ऑगस्ट म्हणजे कपडे वाळत नाहीत तिथं प्लाय कसा सरळ राहणार. माझ्या बॉक्समधल्या पंखाच्या दोन शीट वाकड्या निघाल्या, इस्त्रीच्या हलक्या उष्णतेवर सपाट केल्या. पॅकिंग नुसत्या पुठ्ठ्यात आहे, प्लास्टिक पिशवी नाही, सिलिका जेलची पुडी नाही, हे सुधारायलाच पाहिजे, खानापूर-जांबोटीकडच्या गिऱ्हाइकाचं तर काय होत असेल. शिवाय टिश्यूवर लावायला डोप, म्हणजे टिश्यू ताणून घट्ट करणारा लेप, दिलेला नाही. त्याला पर्याय सोपा आहे, फर्निचरवाले वापरतात ते एनसी सँडिंग सीलर थिनरमध्ये पातळ करून लावा, टिश्यू ढोलासारखा ताणतोय. पण दमट हवेत लावलं तर वाळताना पांढरट डाग पडतात आणि ते जात नाहीत, म्हणून म्हटलं पाऊस संपू दे. रंग देऊ नका. पहिलं प्रोटोटाइप कापडाच्या मूळ पिवळसर पांढऱ्या रंगातच होतं, सीलरनं टिश्यूला तोच रंग येतोय, आतल्या फासळ्या उजेडात दिसतात, आणि नुसता तेवढा नजारा बघायला शेजारपाजारचे येऊन गेले.

लेझरचे काळे जळके काठ आधी पॉलिश पेपरनं घासून घ्या, नाहीतर टिश्यूतनं काळ्या रेघा दिसतात. चाकं ठीक आहेत, चार आहेत, रबराची नाहीत.

पुस्तिका मराठी आणि कन्नड दोन्हीत आहे, समोरासमोर छापलेली, आकृत्या मोठ्या. माझ्याबरोबर बांधायला बसलेला मित्र गोकाकचा, त्यानं कन्नड बाजू वाचली, मी मराठी, एकाच पानावर काम झालं. इंजिनांच्या पानावरची आकृती तेवढी लहान छापलीय. मागच्या पानांवर इतिहास दिलाय तो चांगला आहे, एकूण ४६ ओ/१०० बनली, १ जानेवारी १९१७ ला एक विमान रस्ता चुकून फ्रान्समधल्या, जर्मनांच्या ताब्यातल्या लाओंजवळ उतरलं आणि अख्खं त्यांच्या हातात गेलं, हे सगळं आहे. मला वाटतंय एक पान भारताचं पाहिजे होतं. १९१८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात याच घराण्यातलं ओ/४०० कैरोहून कलकत्त्यापर्यंत उडत आलं, त्यात रॉस स्मिथ होते, जे पुढच्या वर्षी विकर्स व्हिमीमधनं इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला गेले. सांबऱ्याच्या विमानतळाला रोज डोक्यावरनं विमान जाणाऱ्या गावात हे लिहायलाच पाहिजे होतं.

किंमत. याच्या तोडीचं बाहेरचं लाकडी किट मागवलं तर कस्टम आणि कुरिअर धरून दुप्पटीच्या वर जातंय, त्यामुळं ३,८०० मला पटले. पण विद्यार्थ्याला जड आहेत. नुसत्या शेपटाचं छोटं किट वेगळं काढलं, धडाचा मागचा भाग, एलिव्हेटर, दोरे आणि ती नळी, तर कॉलेजची पोरं नक्की घेतील, हे मी त्यांना सांगून आलोय.

लहान मुलांसाठी नाही, बारीक ब्लेडचं काम आहे. पहिल्यांदाच मॉडेल करणाऱ्यानंही आधी एखादं सोपं ग्लायडर करून हात बसवावा. ज्यांना मशीन का तसं बनलं हे समजून घ्यायची हौस आहे त्यांनी डोळे झाकून घ्यावं. फक्त काउंटरवरच बॉक्स उघडा, प्लायच्या शीट सपाट आहेत का बघा, पितळी नळी आहे का बघा, आणि एका बाजूचा उलटा प्रोपेलर मागून घ्या, मागितला की देतात.